हरवलेल्यांच्या शोधात



उधळ्या पुत्राचा दाखला आपल्याला तोंडपाठ आहे. धाकटा मुलगा वाटा मागतो, दूर देशी जातो, पैसा उधळतो, उपाशी मरू लागतो आणि घरी परततो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. थोरला मात्र रुसून अंगणातच उभा राहतो. संत लूक यांच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायावर आपण आजवर कितीतरी प्रवचने ऐकली असतील.

आज आपण हा दाखला थोडा उलटा करून पाहू या. समजा, घर सोडून गेला तो मुलगा नव्हे, तर बापच. मागे राहिली ती बायको आणि लहान मुले. बायको काबाडकष्ट करून अकाली गेली. मुलगी एकटीने वाढली, आई झाली, स्वतःच्या पायांवर उभी राहिली. आणि एके दिवशी तो बाप पांढऱ्या केसांनी, आजारी शरीराने तिच्या दारात येऊन उभा राहिला. आता मुलीने काय करावे? धावत जाऊन मिठी मारावी? की दार लावून घ्यावे?

दाखल्यात या प्रश्नाचे थेट उत्तर नाही. परंतु २००३ साली प्रदर्शित झालेल्या एका हॉलिवूडच्या चित्रपटात हाच प्रश्न विचारला आहे. चित्रपटाचे नाव 'द मिसिंग', म्हणजे हरवलेली माणसे. दिग्दर्शक रॉन हॉवर्ड. केट ब्लँचेट आणि टॉमी ली जोन्स यांनी मुलीची आणि बापाची भूमिका केली आहे. घोडे, बंदुका, डोंगर आणि वाळवंट असलेला हा 'वेस्टर्न' धाटणीचा चित्रपट आहे. त्यात हिंसा बरीच आहे, त्यामुळे लहान मुलांना तो दाखवू नये, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. मोठ्यांनी मात्र तो पाहावा आणि पाहून झाल्यावर घरात थोडे बोलावे.

चित्रपटाची कथा

काळ आहे १८८५ चा. स्थळ आहे अमेरिकेतील न्यू मेक्सिको. मॅगी गिल्कसन ही तिथल्या रानात, वस्तीपासून दूर आपल्या दोन मुलींसह राहते. थोरली लिली वयात आलेली आहे, धाकटी डॉट अजून लहान आहे. मॅगी गुरे पाळते आणि आसपासच्या लोकांना औषधपाणी करते. कुणाचा दात दुखो की कुणाला जखम होवो, लोक तिच्याकडे येतात. ती श्रद्धाळू ख्रिस्ती स्त्री आहे. ब्रेक बाल्डविन नावाचा एक भला माणूस तिच्या कामात हातभार लावतो आणि तिच्यावर प्रेमही करतो.

एके दिवशी तिच्या दारात एक म्हातारा येतो. पेहराव आणि केस अपाची आदिवासींसारखे. हा तिचा बाप, सॅम्युएल जोन्स. मॅगी लहान असताना तो कुटुंबाला वाऱ्यावर सोडून अपाची लोकांमध्ये जाऊन राहिला होता. आता तो आजारी आहे. मॅगी त्याच्यावर उपचार करते, कारण दारात आलेल्या रोग्याला परत पाठवणे तिच्या स्वभावात नाही. पण मुलगी म्हणून ती त्याला जवळ करत नाही. औषध देते आणि वाटेला लावते.

दुसऱ्या दिवशी आकाश कोसळते. ब्रेक दोन्ही मुलींना घेऊन रानात गेलेला असतो. संध्याकाळ होते तरी कुणी परतत नाही. शोधत गेलेल्या मॅगीला ब्रेकचा छिन्नविच्छिन्न देह सापडतो. भेदरलेली डॉट लपून वाचली आहे. लिलीला मात्र टोळीने पळवून नेले आहे. ही टोळी तरुण मुलींना पळवून सीमेपलीकडे मेक्सिकोत विकणारी आहे. तिचा म्होरक्या पेश-चिदिन हा क्रूर आणि जादूटोणा करणारा आहे. टोळीत पूर्वी सैन्यासाठी वाटाड्याचे काम केलेले अपाची आहेत, तसेच गोरेही आहेत.

मॅगी मदत मागायला जाते. कायद्याचा माणूस हात झटकतो. घोडदळ आदिवासींना त्यांच्या भूमीतून हलवण्याच्या कामात गुंतलेले आहे, एका मुलीसाठी त्यांना वेळ नाही. उरतो एकच माणूस. त्याला माग काढता येतो, अपाची भाषा येते, ते डोंगर आणि त्या वाटा पायाखालच्या आहेत. तो म्हणजे तिचा बाप, ज्याला तिने नुकतेच दारातून घालवले होते.

मॅगी त्याला बरोबर घेते. त्याला क्षमा केली म्हणून नव्हे, तर लिलीसाठी. धाकटी डॉटही हट्टाने बरोबर निघते. आजोबा, आई आणि नात अशी तीन पिढ्यांची ही विचित्र यात्रा सुरू होते.

एकाच हृदयात दोन माणसे

बंधू-भगिनींनो, इथे जरा थांबू या. संत लूक यांच्या त्याच पंधराव्या अध्यायात तीन दाखले आहेत. हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि हरवलेला मुलगा. मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या मागे रानोमाळ हिंडतो. बाई दिवा लावून घर झाडते आणि नाणे सापडेपर्यंत स्वस्थ बसत नाही. तिसऱ्या दाखल्यात मात्र धाकट्याच्या शोधात कुणीच जात नाही. बाप वाट पाहतो. थोरला भाऊ शेतात राबतो. भाऊ परत आल्याचे कळल्यावरही तो घरात पाऊल ठेवायला तयार होत नाही.

मॅगीकडे पाहा. लिलीसाठी ती मेंढपाळ आहे. थंडी, पाऊस, पूर, बंदुका, कशाचीही तमा न बाळगता ती मुलीच्या मागे धावते आहे. त्याच वेळी बापासाठी ती थोरला भाऊ आहे. तिच्याकडे हिशेब पक्का आहे: आईचे कष्ट, आईचे मरण, स्वतःचे हरवलेले बालपण. हा हिशेब खोटा नाही, हे ध्यानात घ्या. थोरल्या भावाची तक्रारही खोटी नव्हती. तो खरोखरच वर्षानुवर्षे राबला होता.

मेंढपाळ आणि थोरला भाऊ ही दोन वेगवेगळी माणसे आहेत असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती एकाच हृदयात शेजारी शेजारी राहतात. जी आई मुलाच्या तापात रात्रभर जागते, तीच सासरच्या एका माणसाचे नाव घरात काढू देत नाही. जो भाऊ मित्राच्या अडचणीला मध्यरात्री धावून जातो, तो सख्ख्या भावाच्या अंत्यविधीला दूर उभा राहून निघून जातो. प्रेम करण्याची ताकद आपल्यात नाही असे नाही. ती एका दिशेला वाहते आणि दुसऱ्या दिशेला अडवलेली असते.

चित्रपटाची सारी जुळणी इथेच आहे. मॅगीला लिलीपर्यंत पोहोचवणारी वाट बापाला वगळून जात नाही. ज्याच्यावर तिचे प्रेम आहे ते माणूस परत मिळवायचे, तर ज्याला ती क्षमा करू शकलेली नाही त्याच्या घोड्याशेजारी आपला घोडा चालवावा लागतो. परमेश्वर पुष्कळदा आपल्यालाही असेच बांधतो. म्हाताऱ्या आईच्या इस्पितळातील खाटेजवळ एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ पाळीपाळीने जागतात. मुलाच्या लग्नासाठी वेगळे राहणारे आईबाप एका बाकावर बसतात. आपल्याला वाटते की हा नाइलाज आहे. कदाचित तो देवाने उघडलेला दरवाजा असेल.

भुकेने परतलेला मुलगा, सर्पदंशाने परतलेला बाप

आता बापाकडे पाहू. सॅम्युएल जोन्स परत का आला? पुढे कळते की त्याला साप चावला होता. अपाची वैदूने त्याला सांगितले की बरे व्हायचे असेल, तर आपल्या कुटुंबाकडे जा. म्हणजे तो मुलीच्या ओढीने आला असे पुरते म्हणता येत नाही. मरणाच्या भीतीने, स्वतःच्या भल्यासाठी तो आला. मॅगीलाही याची चीड येणे स्वाभाविक आहे.

पण धाकटा मुलगा तरी कशासाठी परतला होता? दाखला पुन्हा वाचा. डुकरांच्या शेंगाही त्याला मिळेनात, तेव्हा त्याला बापाच्या घरची भाकर आठवली. त्याला घरी ओढून आणले ते भुकेने. वाटेत त्याने क्षमेचे वाक्यही जुळवून ठेवले. तरीही बापाने त्याची चौकशी केली नाही की, बाळा, तू प्रेमाने आलास की पोटासाठी?

ख्रिस्तसभेने पश्चात्तापाच्या शिकवणुकीत हा भेद फार शहाणपणाने सांभाळला आहे. देवावरील प्रेमातून होतो तो परिपूर्ण पश्चात्ताप. पापाच्या किळसेतून, शिक्षेच्या भीतीतून होतो तो अपूर्ण पश्चात्ताप. पण अपूर्ण म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. तोही पवित्र आत्म्याचे दान आहे आणि प्रायश्चित्त संस्काराकडे जाण्यास माणसाला तयार करतो. माणूस स्वार्थाने का होईना, दारापर्यंत आला हे महत्त्वाचे. पुढचा प्रवास त्याला बदलू शकतो.

सॅम्युएलच्या बाबतीत तेच घडते. तो फार बोलत नाही. आपण का गेलो याची लांबलचक सफाई देत नाही. मुलीचे टोमणे ऐकून घेतो आणि पुढे चालतो. नातीला हळूहळू लळा लावतो. लिलीच्या सुटकेसाठी मार खातो, अपमान गिळतो. पेश-चिदिनच्या करणीने मॅगी तापाने फणफणते, तेव्हा तो आणि त्याचे अपाची साथीदार आपल्या रीतीने तिच्यावर उपचार करतात. इतरांना बरे करणारी मुलगी आता स्वतः पडून आहे आणि ज्याने तिला लहानपणी टाकले, तोच तिच्या उशाशी बसला आहे.

संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८० साली देवाच्या करुणेविषयी एक परिपत्रक लिहिले आणि त्यात उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर सविस्तर चिंतन केले. त्यात त्यांनी स्पष्ट केले आहे की क्षमा म्हणजे वाईटाला दिलेली सूट नव्हे. झालेल्या हानीची भरपाई आणि दुखावलेल्याचे समाधान यांनाही क्षमेत स्थान आहे. जो निघून गेला होता आणि आता परत येऊ पाहतो, त्याने हे लक्षात ठेवायला हवे. 'मी आलो आहे ना, आता विसरा सगळे' एवढे म्हणून चालत नाही. परत येणे म्हणजे ओझे उचलायला येणे. सॅम्युएलने आपल्या मुलीचे बालपण परत देऊ शकत नव्हते हे जाणले असावे. पण तिची मुलगी तिला परत आणून देण्यासाठी तो उरलेले आयुष्य पणाला लावू शकत होता, आणि त्याने ते लावले.

ॲरिस्टॉटलचा हिशेब आणि येशूचा हिशेब

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात आईबाप आणि मुले यांच्या नात्याचा विचार केला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मुलाला जन्म, अन्न आणि शिक्षण मिळाले ते बापाकडून. हे ऋण फिटणारे नाही. म्हणून बाप एखाद्या वेळी मुलाला टाकू शकेल, पण मुलाला बापाला टाकता येत नाही. ऋणकोने ऋण फेडलेच पाहिजे. धनको मात्र ते सोडून देऊ शकतो.

ऐकायला हे तर्कशुद्ध वाटते. आपल्याकडेही थोड्याफार फरकाने हेच बोलले जाते. 'काहीही झाले तरी तो तुझा बाप आहे' हे वाक्य कितीतरी दुखावलेल्या मुलांच्या तोंडावर फेकले जाते. पण ज्या बापाने वाढवलेच नाही, त्याचे ऋण कसले? मॅगीच्या बाबतीत हा हिशेब जुळत नाही. उलट बापच तिचा देणेकरी आहे. केवळ कर्तव्याच्या बळावर तिला सांगता येणार नाही की त्याला जवळ कर.

देवाच्या चौथ्या आज्ञेत आईबापाचा मान राखायला सांगितले आहे, हे खरे. पण संत पौल इफिसकरांस लिहिताना त्या आज्ञेची आठवण देतात आणि लगेच पुढे बापांनाही बजावतात की मुलांना चिडीस आणू नका. आज्ञा दोन्ही बाजूंनी बांधते.

मग क्षमा कोठून येते? हिशेब जुळल्यामुळे ती येत नाही, कारण हिशेब कधीच जुळणार नसतो. येशूने सांगितलेल्या दाखल्यात दहा हजार तालांताचे कर्ज माफ झालेला चाकर शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. आपण स्वतः कुणाच्या तरी उदारपणावर जगत आहोत, ही जाणीव ज्याला होते त्याचाच हात सैल होतो. मॅगीला ही जाणीव एकाएकी होत नाही. दिवसामागून दिवस ती बापाबरोबर घोड्यावर बसते, एका शेकोटीजवळ जेवते, एकाच संकटाला तोंड देते. क्षमा ही मनात उसळणारी भावना असेल तर ती आणायची कोठून? पण क्षमा म्हणजे बरोबर चालणे असेल, तर त्याची सुरुवात आज करता येते, भावना मागाहून आली तरी चालते.

सुटका कोणाची आणि कशासाठी

एक गोष्ट येथे आवर्जून सांगायला हवी. अशा चित्रपटांत आदिवासींना नेहमीच खलनायक करण्याची जुनी खोड आहे. या चित्रपटातही म्होरक्या आदिवासीच आहे. पण त्याच वाटेवर केयिता नावाचा अपाची आणि त्याचा मुलगा होनेस्को हेही निघालेले आहेत. होनेस्कोची वाग्दत्त वधूसुद्धा त्याच टोळीने पळवली आहे. मॅगी होनेस्कोच्या जखमा बांधते. दोन कुटुंबे एक होतात आणि एकत्र लढून मुलींना सोडवतात. त्या लढ्यात केयिताला प्राण गमवावे लागतात.

त्या काळाचा इतिहासही विसरता येत नाही. १८८५ च्या मे महिन्यात जेरोनिमो आपल्या साथीदारांसह राखीव क्षेत्र सोडून बाहेर पडला आणि सप्टेंबर १८८६ मध्ये त्याने शरणागती पत्करली. त्यानंतर चिरिकाहुआ अपाची लोकांना आगगाडीत घालून दूर फ्लॉरिडात युद्धकैदी म्हणून नेण्यात आले. बायका-मुले तर त्यांत होतीच, पण ज्यांनी सैन्यासाठी वाटाडे म्हणून इमानाने काम केले होते, तेही होते. २७ वर्षे ते लोक कैदेत राहिले. एका आईची मुलगी हरवली म्हणून आपले काळीज हलते. तिथे तर एका सबंध समाजापासून त्याची भूमी हिरावली जात होती.

याच धाटणीचा त्याहून जुना आणि गाजलेला चित्रपट म्हणजे जॉन फोर्ड यांचा १९५६ सालचा 'द सर्चर्स'. आयरिश कॅथॉलिक कुटुंबात जन्मलेल्या फोर्ड यांनी त्यात ईथन नावाचा माणूस दाखवला आहे. कोमांची लोकांनी पळवलेल्या पुतणीला तो वर्षानुवर्षे शोधत फिरतो. पण शोधता शोधता त्याच्या मनात इतके विष साठते की ती आता कोमांची झाली, म्हणून तो तिला ठार मारायला निघतो. शेवटच्या क्षणी तो तिला मारत नाही, उचलून घेतो आणि घरी आणतो. ती घरात जाते. तो मात्र उंबऱ्याबाहेरच राहतो आणि दार बंद होते.

प्रत्यक्ष इतिहासात तर याहून कठीण घडले. सिंथिया ॲन पार्कर या लहान मुलीला १८३६ साली टेक्सासमधून कोमांची लोकांनी नेले. ती त्यांच्यातच वाढली, तिचे लग्न झाले, तिला मुले झाली. १८६० साली तिला 'सोडवून' गोऱ्या नातलगांकडे आणण्यात आले. पण तिचे मन रमले नाही. मागे राहिलेल्या मुलांसाठी ती झुरत राहिली. तिचा मुलगा क्वाना पुढे कोमांचींचा नेता झाला. ज्यांनी तिला आणले त्यांच्या लेखी ती सुटका होती, तिच्यासाठी मात्र ती दुसरी ताटातूट होती.

म्हणून सोडवायला जाण्यापूर्वी स्वतःला विचारावे: मी त्या माणसासाठी जात आहे की माझ्या अब्रूसाठी? घरातून निघून गेलेल्या मुलीला, परधर्मात वा परजातीत लग्न केलेल्या मुलाला परत आणायला आपण जातो, तेव्हा मनात मेंढपाळ असतो की ईथन? मेंढपाळाला मेंढरू सापडते तेव्हा तो त्याला खांद्यावर घेतो. 'तुझ्यामुळे किती पायपीट झाली' असे म्हणून त्याला मारत नाही.

शेवट

'द मिसिंग'च्या शेवटी मुली सुटतात, पण टोळी पाठलाग करते. डोंगरावर निकराची लढाई होते. पेश-चिदिन मॅगीवर बंदूक रोखतो. त्या क्षणी म्हातारा सॅम्युएल त्याच्यावर झेपावतो आणि त्याला घेऊन कड्यावरून खाली जातो. दोघेही मरतात. जो स्वतःचा जीव वाचवण्यासाठी मुलीच्या दारी आला होता, त्याने मुलीचा जीव वाचवण्यासाठी स्वतःचा दिला. मॅगी आपल्या मुलींना आणि सुटलेल्या इतर मुलींना घेऊन घराकडे निघते. बापाचा देह ती तिथे टाकत नाही. बरोबर नेते. ज्याला तिने जिवंतपणी वाटेला लावले होते, तो आता घरी येतो आहे.

बंधू-भगिनींनो, हा शेवट सुंदर आहे, पण तो आपल्याला चुकवून जाऊ नये. बापाला घरी नेण्यासाठी त्याच्या मरणाची वाट पाहायची का? आपल्याकडे हे फार होते. जिवंतपणी तोंड न पाहिलेल्या भावाच्या शवपेटीवर फुलांचे मोठे चक्र ठेवले जाते. महिन्याच्या मिस्साला सगळे जमतात. ज्याच्यासाठी जमतात तो मात्र एका शब्दासाठी वाट पाहून गेलेला असतो.

पवित्र शास्त्रात याकोब आणि एसाव यांची हकिकत आहे. याकोबाने भावाला फसवले आणि तो पळाला. कैक वर्षांनी तो परतला तेव्हा थरथरत होता. एसाव धावत आला, त्याने भावाला मिठी मारली, दोघे रडले. पण पुढचे आपण सहसा वाचत नाही. त्यानंतर एसाव सेईरला गेला आणि याकोब सुक्कोथला. ते पुन्हा एका घरात राहिले नाहीत. पण म्हातारा बाप इसहाक वारला, तेव्हा दोघांनी मिळून त्याला मूठमाती दिली. समेट झाला म्हणजे सर्व काही पूर्वीसारखे होते असे नाही. काही घरांत वेगळी चूल, वेगळा उंबरा हाच शहाणपणा असतो. वैर मात्र संपलेले असावे.

आणि ज्यांच्या घरात मारहाण, दारूचा धिंगाणा किंवा याहून वाईट काही घडले आहे, त्यांना आम्ही स्पष्ट सांगतो: क्षमा करणे म्हणजे पुन्हा त्या धोक्याच्या तोंडी जाणे नव्हे. स्वतःला आणि मुलांना सुरक्षित ठेवणे हे पाप नाही. मनातला सूड देवाच्या हाती सोपवणे एवढे तरी आपण करू शकतो आणि तेही एका दिवसात होत नाही.

काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही असे आपण म्हणतो. पण घरोघरी कुटुंबभेटीला जाताना आम्हांला दिसते की पाणी दुभंगते. एकाच आवारात दोन घरे असतात आणि मधून कुंपण गेलेले असते. इकडची मुले तिकडच्या काकाला ओळखत नाहीत. कारण विचारले तर कुणी जमिनीचा तुकडा सांगते, कुणी लग्नातला मानपान, आणि कुणाला तर आता नीटसे आठवतही नाही.

या आठवड्यासाठी एक छोटे काम घेऊ या. आपल्या घरातून हरवलेल्या एका माणसाचे नाव मनाशी काढा. तो हरवला कसा, चूक कुणाची, हा हिशेब तूर्त बाजूला ठेवा. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत ते नाव मोठ्याने उच्चारा, मुलांनाही ऐकू द्या. मग ज्या कामात तुम्हां दोघांनाही हातभार लावावा लागेल असे एखादे काम शोधा: आजारी आत्याची विचारपूस, आईवडिलांच्या थडग्याची डागडुजी, कुणा पोराची फी. 'आपले भांडण मिटवू' असे म्हणत गेलात तर कदाचित दार बंद होईल. 'हे काम तुझ्यावाचून होत नाही' असे म्हणत गेलात तर कदाचित उघडेल. मॅगीने बापाला याहून अधिक काही म्हटले नव्हते.

आणि तुम्हीच घर सोडून गेलेले असाल, तर थांबू नका. तुमचे मन पुरते शुद्ध झालेले नसेल, थोडा स्वार्थही असेल, तरी या. मिठी मिळेल अशी अपेक्षा धरू नका. ओझे उचलायची तयारी मात्र ठेवा.

वेदीपुढे अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे प्रभू येशूने सांगितले आहे. आज मिस्सामध्ये शांतीची खूण देताना शेजारच्या बाकावरील हाताबरोबर जो हात इथे नाही त्याचीही आठवण ठेवू या.

प्रभू येशू, चांगल्या मेंढपाळा, आमच्या घरांतून हरवलेल्यांना तू नावानिशी ओळखतोस. त्यांना शोधायला निघण्याचे धैर्य आम्हांला दे. आमच्या मनातील थोरल्या भावाला हाताला धरून घरात घेऊन ये. जे परतीच्या वाटेवर आहेत त्यांची पावले बळकट कर आणि आमच्या दारांच्या कड्या आतून काढ. आमेन.

आपले धर्मगुरू